‘तप्पोप्पिगे’ : दारू पिऊन गाडी चालवल्याच्या केसचे तुमचे अनुभव सांगा

वडगावकर
परवा माळ्यावरची पत्र्याची पेटी उतरवली, तेव्हा तळाशी चार घड्या घातलेली एक पिवळी पावती सापडली. 2017 सालची, कन्नडमध्ये लिहिलेली, वर न्यायालयाचा गोल शिक्का आणि खाली दोन हजारांचा आकडा. त्या वर्षी मित्राच्या साखरपुड्याहून परतताना गोगटे सर्कलजवळ मला अडवले, मशीनमध्ये फुंकायला लावले, मोटारसायकल ठेवून घेतली आणि चार दिवसांनी कोर्टात यायला सांगितले. तिथे माझ्यासारखेच वीस-पंचवीस जण भिंतीला टेकून उभे होते. नाव पुकारले, न्यायाधीशांनी कन्नडमध्ये एक वाक्य विचारले, शेजारच्या माणसाने ‘हूं म्हणा’ असे खुणावले आणि मी मान हलवली. पाच मिनिटांत दंड भरून बाहेर आलो आणि समोरच्या गाड्यावर चहा घेतला.

जन्म बेळगावात गेला असला, तरी माझे कन्नड ‘एष्टु’, ‘बेकु’, ‘बेडा’ एवढ्यावर अडलेले आहे. पावतीवरचा ‘तप्पोप्पिगे’ हा शब्द परवा शेजारच्या गुरुजींनी समजावून सांगितला : गुन्ह्याची कबुली. म्हणजे मी ज्याला इतकी वर्षे ‘चलन भरले’ म्हणत होतो, ती कागदोपत्री फौजदारी शिक्षा होती.

हे सगळे आता आठवायचे कारण माझा पुतण्या आहे. तो सैन्यभरतीसाठी रोज पहाटे व्हॅक्सिन डेपोच्या मैदानावर धावतो. गेल्या महिन्यात पाहुण्यांच्या गावची यात्रा आटोपून सकाळी परतताना त्याला पकडले. येत्या मंगळवारी तारीख आहे आणि तो म्हणतो, ‘काका, तुमच्यासारखे दंड भरून मोकळा होतो.’ त्याला काय सांगावे? ज्यांच्यावर अशी वेळ आली आहे, त्यांनी कृपया सविस्तर लिहावे.

निपाणीचा तंबाखूवाला
सकाळी पकडले हे वाचून वाईट वाटले, कारण माझीही तीच गत झाली होती. रात्री दोनला पिणे थांबवले, झोप काढली, आंघोळ केली, कपाळाला भंडारा लावला आणि आठ वाजता शुद्धीत गाडीवर बसलो. मशीनला मात्र माझी आंघोळ दिसली नाही. नंतर डॉक्टरांनी हिशेब मांडून दाखवला : शरीर 100 मिलिलिटर रक्तामागे तासाला साधारण 15 मिलिग्रॅम एवढाच अल्कोहोल जाळते. रात्री दोनला 100 मिलिलिटर रक्तात 150 मिलिग्रॅम असेल, तर सकाळी आठला 60 उरतो आणि कायद्याची मर्यादा 30 आहे. ताक, लिंबू, काळी कॉफी यांनी हा हिशेब बदलत नाही. आमच्याकडे यात्रेच्या दुसऱ्या दिवशी सकाळी पाहुण्यांना पोहोचवायला निघणारे निम्मे लोक याच गणितात सापडतील.

कोर्ट गल्ली
मी बेळगावातच वकिली करतो, म्हणून थोडे लांबवतो. पहिली गोष्ट अशी की, मोटार वाहन कायद्याचे दारू पिऊन गाडी चालवण्याबद्दलचे कलम 185 हे जागेवर दंड घेऊन मिटवण्याच्या गुन्ह्यांपैकी नाही. हेल्मेटचे चलन आणि ही केस यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. 1 सप्टेंबर 2019 पासून पहिल्या गुन्ह्याला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दहा हजार रुपये दंड किंवा दोन्ही, आणि पुन्हा सापडल्यास दोन वर्षांपर्यंत कैद किंवा पंधरा हजार दंड किंवा दोन्ही अशी तरतूद आहे. आज दिलेली कबुली ही पुढच्या वेळच्या ‘दुसऱ्या गुन्ह्या’चा पाया ठरते, हे कोर्टात रांगेत उभ्या असलेल्या माणसाला कोणी सांगत नाही.

दुसरी गोष्ट, कबुली देण्याआधी कागद मागून घ्यावेत. मशीनची छापील चिठ्ठी आहे का, तिच्यावर तारीख, वेळ, आकडा आणि स्वतःची सही आहे का, चिठ्ठीवरची वेळ फिर्यादीतल्या वेळेशी जुळते का, मशीनची तपासणी शेवटची कधी झाली, हे सगळे वकिलाने पाहिले पाहिजे. अटक झाली असेल, तर दोन तासांच्या आत नोंदणीकृत डॉक्टरांकडून तपासणी व्हायला हवी, अन्यथा माणसाला सोडावे लागते. तोंडाला नुसता वास होता, डोळे तारवटले होते, एवढ्याने नशा सिद्ध होत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने 1971 मध्ये बच्चूभाई करियानी यांच्या प्रकरणात म्हटले होते. मात्र चिठ्ठीवर 140 हा आकडा असेल आणि कागद नेटके असतील, तर मी अशिलाला उगाच आशा लावत नाही. 34 आणि 140 यांचा बचाव एकसारखा नसतो.

भाषेबद्दलही लिहितो. साक्षीपुरावा आरोपीला न कळणाऱ्या भाषेत होत असेल, तर तो त्याला कळणाऱ्या भाषेत भर कोर्टात समजावून सांगितला पाहिजे, असे फौजदारी प्रक्रियेच्या कायद्यातच आहे. ‘स्वामी, मला कन्नड नीट कळत नाही, मराठीत सांगावे’ एवढे वाक्य बोलायला कोणाची परवानगी लागत नाही. वकील परवडत नसेल, तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करता येतो.

येळ्ळूरचा
‘कपाळाला भंडारा लावून शुद्धीत’ हे वाक्य वाचून कामावर असताना हसू आवरले नाही. तंबाखूवाले, तुम्ही निदान सही करण्यापूर्वी काय लिहिले आहे ते विचारले होते का?

निपाणीचा तंबाखूवाला
विचारले होते. उत्तर कन्नडमध्ये मिळाले.

चोर्ला घाटाचा चालक
साहेब लोकांना दहा हजारांची काळजी असते, आमच्यासारख्यांना लायसन्सची. मी बेळगाव ते म्हापसा भाजीची गाडी चालवतो. तीन वर्षांपूर्वी सुट्टीच्या दिवशी, स्वतःच्या स्कूटरवर, दोन पेग घेऊन गल्लीच्या तोंडापर्यंत गेलो आणि सापडलो. लायसन्स जप्त होऊन आरटीओकडे गेले, तिथून खुलासा मागणारी नोटीस आली आणि तीन महिन्यांसाठी ते निलंबित झाले. मला वाटले होते की स्कूटरच्या चुकीला स्कूटरपुरतीच शिक्षा असेल, पण लायसन्स एकच असते आणि टेम्पोही त्याच्यावरच चालतो. ते तीन महिने मी रविवार पेठेत हमाली केली. मालकाने गाडीवर दुसरा पोरगा ठेवला आणि तो पोरगा अजून तिथेच आहे.

एक चूक तुम्ही करू नका. लायसन्स निलंबित असताना ‘जवळच तर जायचे आहे’ म्हणून गाडी काढू नका, कारण तो वेगळा गुन्हा आहे. दुसऱ्यांदा पिऊन सापडल्यास लायसन्स रद्दच होण्याची तरतूद आहे, असे आरटीओतल्या कारकुनाने मला बोट दाखवून वाचून दाखवले होते.

चंदगडी
आमचा एमएच 09 नंबर पाहिला की आधी बाजूला घेतात, ही तक्रार जुनी आहे, तिच्यात आज शिरत नाही. विचारायचे एवढेच होते की लायसन्स महाराष्ट्राचे असेल, तर कर्नाटकातली केस तिकडे लागू होते का? आमच्या गावात सगळे म्हणतात की सीमेवरची शिनोळी ओलांडली की केस संपली.

कोर्ट गल्ली
शिनोळी ओलांडल्याने फक्त पेट्रोल खर्च होते. मोटार वाहन कायदा केंद्राचा आहे. केस बेळगावच्या कोर्टात चालते आणि लायसन्स पुढील कारवाईसाठी संबंधित प्राधिकरणाकडे पाठवले जाते. तारखेला हजर राहिला नाहीत, तर आधी समन्स, मग जामीनपात्र वॉरंट आणि शेवटी अजामीनपात्र वॉरंट असा क्रम लागतो. माझ्याकडे असे एक गृहस्थ आले होते, ज्यांना सहा वर्षांपूर्वीच्या तारखेची आठवण पासपोर्टसाठी पोलीस चौकशी झाली तेव्हा झाली. प्रलंबित फौजदारी केस असताना पासपोर्टसाठी कोर्टाची परवानगी आणावी लागते.

शहापूरची सून
कुकर लावून लिहिते आहे, चूकभूल द्यावी. आमच्या दिरांनी आंबोलीहून येताना गाडी कठड्यावर घातली. देवाच्या दयेने कोणाला लागले नाही. पोलिसांनी मशीन लावलेच नव्हते, त्यामुळे घरात सगळे निश्चिंत होते की पुरावाच नाही. पण दवाखान्याच्या केसपेपरवर डॉक्टरांनी ‘श्वासाला दारूचा वास’ असे लिहून ठेवले होते आणि विमा कंपनीने त्या एका ओळीवर बोट ठेवून गाडीच्या दुरुस्तीचा दावा फेटाळला. आम्ही भांडायला निघालो, तेव्हा वकिलांनी 2021 चा सर्वोच्च न्यायालयाचा पर्ल बेव्हरेजेसचा निकाल दाखवला. रक्ताची किंवा श्वासाची चाचणी झालेली नसली, तरी इतर परिस्थितीवरून चालक नशेत होता असे दिसत असेल, तर कंपनी स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा दावा नाकारू शकते, असे त्यात आहे. फौजदारी केसमध्ये सुटणे आणि विम्यात सुटणे या दोन वेगळ्या परीक्षा आहेत, हे आम्हाला गाडीचे हप्ते फेडताना कळले. तेव्हापासून सणासमारंभाला चावी माझ्या पर्समध्ये असते.

निवृत्त हवालदार
आमची बाजूही ऐकावी. कागद हातात देताना प्रत्येकाला तो समजावून सांगायला रात्री अकराला वेळ मिळत नाही, हे मान्य करतो आणि ते चूक आहे, हेही मान्य करतो. पण फुंकायला नकार देऊन सुटका होते, ही जी समजूत पसरली आहे, ती घातक आहे. कारणाशिवाय नकार दिला आणि संशयाला आधार असला, तर अटक होऊ शकते आणि तो नकार कोर्टात विरोधात मांडला जातो. त्यापेक्षा नवीन नळी लावायला सांगा. खोकल्याचे औषध किंवा माउथवॉश नुकतेच घेतले असेल, तर तसे सांगून पंधरा-वीस मिनिटांनी पुन्हा चाचणी मागा आणि तरीही आकडा पटत नसेल, तर रक्ततपासणी मागा. खरोखर न प्यालेला माणूस हे शांतपणे मागतो. आरडाओरडा करणाऱ्यांचा आकडा बहुधा मोठाच निघायचा, हा माझ्या नोकरीतला अनुभव आहे.

हिरेबागेवाडी रस्ता
बचावाबद्दल एवढे वाचले, आता माझेही वाचा. माझा धाकटा भाऊ महामार्गाच्या कडेला दूध घेऊन उभा होता. ज्याने उडवले, त्याचा आकडा मला आजही पाठ आहे, पण तो इथे लिहीत नाही. मृत्यू झाला की नुसते कलम 185 राहत नाही. निष्काळजीपणाने मृत्यूचा गुन्हा लागतो, ज्याला नव्या न्यायसंहितेत पाच वर्षांपर्यंत कैद आहे, आणि मुंबईच्या अ‍ॅलिस्टर परेरा प्रकरणात 2012 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सदोष मनुष्यवधाची शिक्षाही कायम केली होती. कागदातल्या चुका शोधणे हा आरोपीचा हक्क आहे, याबद्दल वाद नाही. त्या हक्काची चर्चा चहाच्या गाड्यावर हसत होते, तेव्हा मला तिथे बसवत नाही, एवढेच.

वडगावकर
तुमचे वाचून बराच वेळ काही लिहिता आले नाही. पुतण्यालाही ते वाचायला दिले. त्याने मोबाईल खाली ठेवला आणि न जेवता उठला.

वकीलसाहेब, त्याच्या चिठ्ठीवरचा आकडा 52 आहे आणि वेळ सकाळी 7.40 आहे. भरतीच्या अर्जात हे लपवता येईल का, असे त्याचे मित्र विचारत आहेत.

कोर्ट गल्ली
लपवू नये. 2016 च्या अवतार सिंग प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने या विषयावर तपशीलवार निकष दिले आहेत. किरकोळ गुन्हा खरेपणाने सांगितला, तर नेमणूक करणाऱ्याला त्याचा विचार करायला जागा राहते, पण माहिती दडवलेली उघड झाली, तर तेच निवड रद्द करण्याचे कारण होऊ शकते. कबुली द्यायची की केस लढवायची, हे कागद पाहिल्याशिवाय सांगणार नाही. 52 आकड्याला यात्रेची सकाळ हे स्पष्टीकरण आहे, बचाव नाही. मंगळवारी घाईने मान हलवू नये, कागदांच्या प्रती मागाव्यात आणि वकील नेमायला मुदत मागावी.

वडगावकर
मंगळवारी त्याच्याबरोबर मीही उभा राहणार आहे. गुरुजींकडून एक वाक्य कन्नडमध्ये घोटून घेतले आहे : ‘ननगे कन्नड सरियागि बरुवुदिल्ल.’

येळ्ळूरचा
काका, इतक्या शुद्ध कन्नडमध्ये म्हणालात, तर न्यायाधीश विश्वास ठेवणार नाहीत. मराठीतच सांगा. आधार कार्ड आणि दोन फोटो विसरू नका, मी साडेदहाला फाटकापाशी येतो.