मदत हवी आहे : १२०० अँपिअरच्या सर्व्हिसला समांतर तारा, न्यूट्रल किती जाडीचा घ्यावा?

पिंपळपान
नमस्कार मंडळी. न्यू जर्सीतील एका लहान दुकानसंकुलाच्या नव्या सर्व्हिसचा (वीजकंपनीकडून इमारतीत येणाऱ्या मुख्य जोडणीचा) आराखडा मी करीत आहे. सर्व्हिस १२०० अँपिअरची असून फेजसाठी ३५० केसीमिलच्या (केसीमिल म्हणजे तारेच्या छेदाच्या क्षेत्रफळाचे अमेरिकी माप) तांब्याच्या समांतर तारा धरल्या आहेत. एनईसीच्या (अमेरिकेच्या राष्ट्रीय विद्युत संहितेच्या) कोष्टक २५०.१०२(सी)(१) मध्ये ३५० साठी न्यूट्रल २ गेजचा (गेजचा आकडा लहान तितकी तार जाड) दिलेला आहे, म्हणून तोच दाखवला. तरीही आराखडा 'न्यूट्रल अपुरा' एवढ्याच शेऱ्यानिशी परत आला. शुक्रवारी दुरुस्त प्रत द्यायची आहे, तेव्हा चूक कोठे आहे ते कृपया लवकर सांगावे.

तारतम्य
समांतर तारांचे संच किती आहेत? सगळे एकाच कंड्युटमध्ये (तारा ओवायच्या नळीत) आहेत की वेगवेगळ्या? एनईसीची आवृत्ती कोणती आणि न्यूट्रलवरचा भार किती? एवढे कळल्याशिवाय उत्तर देणे कठीण आहे.

मुळाकाठ
मी पुण्यात पॅनेलची कामे करतो. आमच्याकडे साडेतीन कोअरची केबल सर्रास वापरली जाते, म्हणजे तीन पूर्ण जाडीचे फेज आणि अर्ध्या जाडीचा न्यूट्रल, जसे ३०० चौरस मिलिमीटरच्या फेजबरोबर १५० चा न्यूट्रल. एका कार्यालयाचे पॅनेल उघडले, तेव्हा न्यूट्रलच्या लगजवळचे (टोकाच्या जोडणीजवळचे) इन्सुलेशन तपकिरी होऊन भेगाळलेले होते आणि तिन्ही फेजचे मात्र नव्यासारखे होते. तेव्हापासून मी फेजइतकाच न्यूट्रल घ्यायला लावतो. तुम्हीही ३५० चाच घ्या.

सह्याद्रीपार
अर्थ इलेक्ट्रोडकडे (जमिनीत पुरलेल्या सळईकडे) जाणाऱ्या तारेसाठी एनईसीचे कलम २५०.६६ पाहा. तेथे तांब्याची तार ३/० गेजपेक्षा जाड लागत नाही.

पिंपळपान
अर्थ इलेक्ट्रोडची तार मंजूर झाली आहे, प्रश्न न्यूट्रलचाच आहे. चार संच चार स्वतंत्र पीव्हीसी कंड्युटमधून जातात. पुरवठा १२०/२०८ व्होल्ट, तीन फेज, चार तारा. आवृत्ती २०२० ची. न्यूट्रलवरचा जास्तीत जास्त असंतुलित भार, कोणतीही सवलत न धरता, ५१० अँपिअर येतो. आमच्या कार्यालयातील एकांचे म्हणणे असे की चार ३५० मिळून १४०० केसीमिल, त्याचे कोष्टकातील नियमाप्रमाणे साडेबारा टक्के १७५, आणि ते चौघांत वाटले की २ गेज पुरून उरतो.

तारतम्य
तो हिशेब सगळे संच एकाच कंड्युटमध्ये असतात तेव्हाचा आहे. स्वतंत्र कंड्युट असतील तर २५०.२४(सी)(२) लागू होते: प्रत्येक कंड्युटमधील फेजतारेच्या क्षेत्रफळावरून त्याच कंड्युटमधला न्यूट्रल ठरवायचा, मात्र तो १/० गेजपेक्षा (२ गेजहून जाड माप) बारीक चालत नाही. कोष्टकातील ओळ तुम्ही बरोबर वाचलीत, ही अट तेवढी निसटली. सर्व्हिसच्या बाजूला वेगळी अर्थची तार नसते. फेज पेटीच्या पत्र्याला टेकली तर बिघाडाचा प्रवाह मेन बाँडिंग जंपरमधून (पेटीचा पत्रा आणि न्यूट्रल जोडणाऱ्या दुव्यातून) न्यूट्रलवरूनच ट्रान्सफॉर्मरकडे परततो, म्हणून भार नगण्य असला तरी ही किमान जाडी सोडता येत नाही. भाराचा हिशेब २२०.६१ प्रमाणे वेगळा करायचा: तारांच्या क्षमतेच्या कोष्टकात ७५ अंश तापमानाच्या स्तंभात १/० तांबे १५० अँपिअरचे, चार मिळून ६००. तुमचे ५१० त्यात बसतात.

चौथा_कोअर
३१०.१०(जी) च्या अपवादात समांतर न्यूट्रल २ गेजचा चालतो असे स्पष्ट लिहिलेले आहे. तारा खरेदी केल्या असतील तर त्याचा आधार घ्यावा.

तारतम्य
तो अपवाद आधीपासून अस्तित्वात असलेल्या जोडणीपुरता आहे आणि त्यालाही अभियंत्याची देखरेख लागते. ही नवी सर्व्हिस आहे.

मुळाकाठ
हार्मोनिक्सचे (इलेक्ट्रॉनिक उपकरणांमुळे न्यूट्रलवर वाढणाऱ्या जादा प्रवाहाचे) काय? एलईडी आणि संगणक असतील तर १/० जळेल.

तारतम्य
भाराचा मोठा भाग तसा असेल तर तुमची शंका रास्त आहे, पण नुसता जाड न्यूट्रल घेऊन ती मिटत नाही. अशा वेळी न्यूट्रलही प्रवाहवाहक तारांत मोजावा लागतो, कंड्युटमध्ये तीनऐवजी चार तारा होतात आणि क्षमता ८० टक्क्यांवर येते. ९० अंशांच्या स्तंभातले ३५० अँपिअर धरले तर २८०, चार मिळून ११२०, म्हणजे १२०० पेक्षा कमी. तारेच्या क्षमतेहून पुढच्या मापाचा ब्रेकर लावण्याची सवलत ८०० अँपिअरच्या वर मिळत नाही, म्हणजे फेजच अपुरा पडतो. मग ४०० केसीमिल घ्यावे लागेल. पिंपळपान, भार कसला आहे?

पिंपळपान
दोन उपाहारगृहांच्या विजेवरच्या भट्ट्या, एक लाँड्री आणि वातानुकूलन. एलईडीचा वाटा फारच थोडा आहे. त्यामुळे फेज ३५० चेच ठेवून चारही कंड्युटमध्ये १/० चा न्यूट्रल दाखवतो आणि ५१० चा हिशेब आराखड्यावरच लिहितो. कंड्युटमध्ये तारा मावतात का, ते आज रात्री पुन्हा तपासतो. सर्वांचे मनापासून आभार.

तारतम्य
चारही न्यूट्रलची लांबी, धातू आणि टोकांची जोडणी सारखी असल्याचेही आराखड्यावर नोंदवा. परत पाठवण्याचे ते दुसरे नेहमीचे कारण आहे.