प्रतिसाद: कृपा आणि कष्ट

देवाची कृपा फुकट मिळत असेल तर माणूस स्वतःला सुधारण्याचे कष्ट कशाला घेईल, ही शंका रास्त आहे. मात्र बायबलच्या नव्या करारातील इफिसकरांस पत्राच्या दुसऱ्या अध्यायात प्रेषित पौल प्रथम सांगतो की तारण (पापातून सुटका) कृपेनेच, विश्वासाच्या द्वारे झालेले आहे, कर्मांमुळे नव्हे, आणि लगेच दहाव्या वचनात सत्कृत्यांकडे वळतो. हा क्रम उलटा केला की सगळा घोळ होतो.

आमच्या रायगडात खारबंदिस्तीचा (समुद्राचे खारे पाणी अडवणारा) बांध फुटून भरतीचे पाणी भातखाचरात शिरते, तेव्हा शेतकरी बांध घालतो, उघाडी (बांधातले पाणी सोडण्याचे दार) दुरुस्त करतो; पण मातीत मुरलेला खारटपणा फावड्याने निघत नाही, तो पावसानेच धुऊन जातो. मनाचेही तसेच. बायबलमधल्या स्तोत्र 51 मध्ये दावीद राजा देवाकडे ‘शुद्ध हृदय उत्पन्न कर’ असे मागतो, तिथले मूळ हिब्रू क्रियापद बायबलच्या पहिल्या पुस्तकातल्या, म्हणजे उत्पत्तीच्या, जगाच्या निर्मितीविषयीच्या पहिल्या वचनातलेच आहे. म्हणजे मागणी डागडुजीची नाही, नव्याने घडवण्याची आहे.

माझे म्हणाल तर, वाडीच्या गडग्यावरून (दगडी कुंपणावरून) थोरल्या भावाशी मी चार वर्षे अबोला धरला होता, आणि त्या काळात एकही रविवारची उपासना चुकवली नव्हती (हेच जास्त लाजिरवाणे). ईस्टरपूर्वीच्या एका उपवासकाळात प्रभूची प्रार्थना म्हणताना ‘जसे आम्ही आपल्या ऋण्यांस ऋण सोडले आहे’ इथे जीभ अडखळली. त्याच संध्याकाळी भावाकडे गेलो. तो पडवीत सुपाऱ्या सोलत बसला होता. काही न बोलता त्याने दुसरा पाट सरकवला.