रेनेट नसलेलं ग्रीक चीज कसं ओळखायचं? मदत हवी आहे

अथेन्सला राहतो, आईबाबा येतायत, दोघं पक्के शाकाहारी, दूधदही चालतं पण रेनेट, म्हणजे चीजसाठी दूध फाडायला घालतात ते कोकराच्या पोटातलं विरजण, अजिबात नाही. फेटा चीजच्या पाकिटावर ७०% तरी मेंढीचं दूध, बाकी बकरीचं वगैरे सगळं असतं, पण रेनेटपुढे प्राण्याचं की मायक्रोबियल (सूक्ष्मजीवांपासूनचं) ते नसतंच. दुकानदार नुसतं 'पारंपरिक आहे हो' म्हणतो, म्हणजे बहुतेक प्राण्याचंच! मिझिथ्रा, अँथोतिरो ही चीजं निवळीची (दूध फाटल्यावर उरलेल्या पाण्याची) म्हणून बघितली, पण ती निवळी रेनेटच्याच चीजची निघते, त्यामुळे बाद. गालोतिरी आणि दोमोकोसचं कातिकी ही मऊ, आंबटसर चीजं रेनेटशिवायही लावतात म्हणे. गाईच्या दुधाची नकोत, मेंढी-बकरीचीच चव दाखवायचीय. तर या दोन्हींत बिनरेनेटचं पाकीट नेमकं कशावरून ओळखता तुम्ही?