शब्दचर्चा : सर्व्हेवाल्यांचं ‘कुटुंब’ म्हणजे नक्की किती जणं?

तलावपाळी
गेल्या रविवारी आमच्याकडे (ठाणे, वर्तकनगर) एक सर्व्हेवाली मुलगी आली होती, हातात टॅब, गळ्यात ओळखपत्र. वॉचमनने खालून इंटरकॉमवर सांगितलं, "मॅडम, मतासाठी कोणीतरी आलंय", आणि सासऱ्यांनी आतूनच ओरडून सांगितलं की आमचं ठरलेलं आहे, कागद खालीच ठेवून जा म्हणावं. ती बिचारी लोकांना काय वाटतं ते विचारायला आलेली, कुठल्या पक्षाशी तिचा काही संबंध नाही. हा पहिला गोंधळ. वर आल्यावर तिने विचारलं, "कुटुंबात सदस्य किती?" आता आम्ही नवराबायको, दोन मुलं, सासरे, आणि आत्याबाई, म्हणजे सासऱ्यांची बहीण, वर्षातले आठ-नऊ महिने त्या इथेच असतात. शिवाय दीर पुण्याला, पण रेशनकार्डावर नाव अजून आमच्याकडेच. सासरे म्हणाले सात, नवरा म्हणाला पाच, मी म्हटलं सहा. ती हसली आणि म्हणाली, "काकू, जेवण एकत्र कोणाकोणाचं होतं ते सांगा", आणि सहा लिहिले. तर प्रश्न असा की इंग्रजीत फॅमिली आणि हाउसहोल्ड असे दोन वेगळे शब्द आहेत, आपण दोन्हीला कुटुंबच म्हणतो. हाउसहोल्डला चांगला मराठी शब्द नाहीच का?

बेलापूरची
कुटुंब तर अजिबात नको :) आमचे आजोबा "आमचं कुटुंब माहेरी गेलंय" म्हणायचे तेव्हा आजी एकटीच गेलेली असायची. मंडळींचंही तेच. त्यांना कोणी विचारलं असतं की कुटुंबात किती, तर म्हणाले असते, एकच आहे हो!

आकडेमोड
काही वर्षं फील्डवर काम केलंय म्हणून लिहितो. जनगणनेची व्याख्या साधारण अशी की जे एरवी एकत्र राहतात आणि एकाच स्वयंपाकघरातलं जेवतात ते एक कुटुंब, नात्याचे असोत वा नसोत. राष्ट्रीय नमुना पाहणी (सगळ्यांना न विचारता निवडक घरांना विचारणारी सरकारी पाहणी) १९५० साली संख्याशास्त्रज्ञ महालनोबिस यांच्या पुढाकाराने सुरू झाली, तिथेही मुद्दा तोच, स्वयंपाक. म्हणून आम्ही दारात कुटुंब हा शब्दच काढायचो नाही, सरळ विचारायचो "या घरात चुली किती?" एकाच दारामागे दोन भाऊ, दोन गॅस असले की लोक स्वतःच सांगतात, "आमच्या चुली वेगळ्या आहेत". गॅसला चूल म्हणताना कोणी अडखळत नाही, हे मला नेहमी गमतीचं वाटायचं. ठाण्यात चूल पेटवलेली कोणी शेवटची कधी पाहिली देव जाणे, पण वेगळी मांडतात मात्र चूलच.

खारीगाव
मग शब्द आहे की आपल्याकडे. आमच्या गावात हळदीचं आमंत्रण चूलबंद असतं, म्हणजे त्या दिवशी तुमच्या घरात कोणी काही शिजवायचं नाही, म्हातारं-पोर सगळ्यांनी जेवायला यायचं. आता सांगा, सरकारी व्याख्या आणि चूलबंद यात फरक काय? जत्रेची वर्गणी काढतात ती ‘घरटी’ आणि भांडणं होतात ती यावरूनच, की भाऊ वेगळे जेवतात मग वर्गणी एक की दोन. ‘घरटी’ हा तर रेडीमेड शब्द आहे, घरटी उत्पन्न, घरटी खर्च, कोणालाही कळतं. माणसागणिक असेल तर माणशी, आणि पेपरात छापायचं असेल तर दरडोई.

ऐरोलीकर
पण मग आमच्यासारख्यांचं काय? घणसोलीत बैठ्या खोलीत चार पोरं राहायचो, गॅस नाही, चौघांचे डबे चार ठिकाणचे.

आकडेमोड
नमुना पाहणीत मेस, होस्टेल, लॉजमधला प्रत्येक जण एकट्याचं एक कुटुंब धरतात. जनगणनेत तेच सगळे मिळून संस्थात्मक कुटुंब होतात. खोलीवाल्यांना आधी विचारतात की किराण्याचा, खाण्याचा खर्च एकत्र आहे का. तुमचे डबे वेगळे, म्हणजे एका खोलीत चार कुटुंबं.

ऐरोलीकर
चार कुटुंबं आणि बाथरूम एक. बरोबर आहे.

कौलारू
जुना शब्द विसरताय सगळे. पूर्वी जनगणनेला खानेसुमारी म्हणायचे. खाना म्हणजे घर (कारखाना, दवाखाना यातला), आणि सुमारी म्हणजे मोजणी, दोन्ही फारसीतून आलेले. याच सुमारातून ‘सुमारे’ आला, ‘बेसुमार’ आला, आणि ‘सुमार दर्जा’ पण आला. मोजणं, अंदाजाने मोजणं, आणि बेताचं असणं, तिन्ही एका शब्दात. सर्व्हेला याहून प्रामाणिक नाव मिळणार नाही.
आता ‘मत’ बद्दल. वॉचमनची चूक नाही, ओपिनियन पण मत आणि व्होट पण मत, त्यामुळे ‘जनमत’ म्हटलं की निवडणूकच डोळ्यासमोर येते. पेपरवाले त्यात कौल आणतात. आम्ही कोकणातले, देवाला कौल लावायचा म्हणजे फुलं किंवा तांदूळ चिकटवून उजवं पडतं की डावं ते बघायचं, आणि पडलं ते मान्य करायचं. तो निकाल असतो. निवडणुकीला कौल म्हणा, पण दारोदार जाऊन विचारलेल्याला कौल म्हणू नका, तिथे देव नसतो. तिथे ‘पाहणी’ बरा. पीक पाहणी, आर्थिक पाहणी, राष्ट्रीय नमुना पाहणी, सगळीकडे चालतो. सर्वेक्षण म्हटलं की मला उगाच विमानातून फोटो काढल्यासारखं वाटतं.

बेलापूरची
आणि ॲटिट्यूडला काय म्हणायचं? आम्हाला बी.ए.ला मानसशास्त्रात ‘अभिवृत्ती’ होतं, पेपर सुटल्यानंतर तो शब्द परत कोणाच्या तोंडून ऐकला नाही. ‘कल’ म्हणावं तर दहावीची कलचाचणी आठवते, आणि मराठीत "तिला फार ॲटिट्यूड आहे" म्हणजे शिष्टपणा.

आकडेमोड
विचारताना नाम वापरूच नये. लोकांना काय वाटतं ते मोजणारा जनरल सोशल सर्व्हे अमेरिकेत १९७२ पासून चालू आहे, ब्रिटनमधला तसलाच सर्व्हे १९८३ पासून, आणि असल्या पाहण्यांचा सगळा जीव प्रश्नाच्या शब्दांत असतो, कारण वर्षानुवर्षं तोच प्रश्न त्याच शब्दांत विचारला तरच लोक बदलले की प्रश्न बदलला ते कळतं. आपल्याकडे भाषांतरात "आपण खालील विधानाशी कितपत सहमत आहात" असं येतं. दारात उभा राहून कोण सहमत होतो? पटतं का विचारा. पूर्ण पटतं, थोडंफार पटतं, फारसं पटत नाही, अजिबात पटत नाही. यातला ‘फारसं’ लाख मोलाचा, तोंडावर नाही न म्हणता नाही म्हणायची सोय.
दुसरं उदाहरण जरा गंभीर आहे. २०११-१२ च्या भारत मानव विकास सर्वेक्षणात (४० हजारांवर घरं होती) विचारलं होतं की तुमच्या घरात कोणी अस्पृश्यता पाळतं का. याला नाही म्हणणं सोपं, शब्द पुस्तकातला आहे, कायद्यातला आहे. म्हणून नाही म्हणणाऱ्यांना पुढचा प्रश्न होता, की अनुसूचित जातीचं कोणी तुमच्या स्वयंपाकघरात आलं, तुमची भांडी वापरली तर चालेल का. देशभरात २७ टक्के घरांनी या ना त्या स्वरूपात पाळत असल्याचं मान्य केलं. म्हणजे मोजायला चूल, आणि मनात काय आहे ते बघायलाही चूलच.

खारीगाव
हे वाचून जरा गप्प झालो. चूलबंद आमंत्रण कोणाकोणाला जातं तेही आठवलं.

तलावपाळी
सगळ्यांचे आभार, मी घरटी आणि चूल दोन्ही लिहून ठेवलेत. राहिलेली गोष्ट सांगते. सहा जणं लिहून झाल्यावर टॅबनेच ठरवलं की प्रश्न आत्याबाईंना विचारायचे. आत्याबाई म्हणाल्या, मला काय विचारतेस, दादाला विचार. सासरे तर खुर्ची पुढे ओढून बसलेच होते. ती म्हणाली, नाही, ज्यांचं नाव आलंय त्यांनाच. (हे का करतात?)

आकडेमोड
दार उघडणाऱ्यालाच विचारत गेलं तर घराघरातून फक्त कर्ते पुरुष नाहीतर दुपारी घरी असलेले निवृत्त लोक सापडतात. घरातला माणूस चिठ्ठी काढल्यासारखा निवडायची रीत लेस्ली किश या संख्याशास्त्रज्ञांनी १९४९ मध्ये मांडली, आता ते काम टॅब करतो.

तलावपाळी
अच्छा. तर पुढे प्रश्न आला, पोलिसांवर कितपत विश्वास आहे, खूप, थोडा, की अजिबात नाही. आत्याबाईंनी पदर सारखा केला, खिडकीबाहेर बघितलं आणि म्हणाल्या, "हल्ली कोणाचं काही सांगता येत नाही हो." मुलीने टॅबवर ‘सांगता येत नाही’ दाबलं आणि मी तोंड उघडेपर्यंत पुढच्या प्रश्नावर गेली.

कौलारू
अहो, एवढं स्पष्ट मत दिलं की त्यांनी!

आकडेमोड
अशा वेळी पर्याय परत वाचून दाखवायचे असतात, ट्रेनिंगमध्ये सांगतात. पण लिफ्ट बंद, रविवारची दुपार, आणि त्या दिवसाची अजून चार घरं बाकी असतात. पाणी तरी विचारलंत ना तिला?

तलावपाळी
विचारलं की. आत्याबाईंनी तर पोहे केले. म्हणाली, चालणार नाही, घेतलं तर उत्तरं बदलतात.