हत्तीच्या शिकारीची तयारी: आपला विरोध नेमका कशाला?

माळढोक:
ह्यूस्टनमधला माझा एक सहकारी पुढच्या हंगामात बोट्स्वानात हत्तीच्या शिकारीला निघालाय. हे कळल्यापासून ऑफिसातले निम्मे लोक त्याच्याशी धड बोलत नाहीत. मी बोलतो, त्यामुळे तयारी जवळून बघायला मिळाली. पाठीवर ओझं घेऊन रोज मैलोन् मैल चालतो, कारण ही शिकार जीपमधून नाही, पायी माग काढत होते. पहाटे पाणवठ्यावर माग लागला तरी हत्ती त्या दिवशी गाठ पडेलच असं नाही. बरोबरचे माग काढणारे कापडी पुरचुंडीतली राख झटकत वारा बघत जातात. वारा फिरला की खेळ संपला.

रायफल .३७५ च्या (नळीचा व्यास, इंचात) खालची चालत नाही. गोळी 'सॉलिड', म्हणजे लागल्यावर न फुलणारी, कारण हत्तीची कवटी जाळीदार हाडाची आणि मेंदू फार आत. जनावर किती जवळ आहे, डोकं किती उचललंय, यावर नेम बदलतो. पठ्ठ्या कवटीच्या छेदाचं चित्र समोर ठेवून निरनिराळ्या कोनांतून रेषा मारत बसतो.

मला स्वतःला हे बघवत नाही. तरी बंदी मागणाऱ्यांत मी नाही. बोट्स्वानात माणसं पंचवीस लाखांच्या आसपास आणि हत्ती १ लाख ३० हजार. तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष इयान खामांनी २०१४ मध्ये शिकार बंद केली, त्यांच्यानंतर आलेल्या मासिसींनी २०१९ मध्ये पुन्हा सुरू केली. वर्षाचा कोटा चारशेच्या आसपास, त्यानं एवढ्या संख्येला काय फरक पडणार? २०२० मध्ये शिकारीच्या परवान्यांच्या लिलावात साठ हत्ती सुमारे २३ लाख डॉलरला गेले. ज्यांच्या शेतात हत्ती घुसतो त्यांनी ठरवावं, आपण ह्यूस्टन-पुण्यात बसून नाही.

रानवाट:
तयारी काय, सुपारी घेणाराही करतो.

मुद्दा संख्येचा नाहीच. तुमचा सहकारी चारशेतला कुठलाही हत्ती मारायला चाललेला नाही, त्याला मोठे सुळे हवेत. माग काढणारेही टाचेकडे गुळगुळीत झालेला ठसा शोधतात, कारण तळवा झिजलेला नर म्हणजे वय झालेला नर. आणि कळपाबाहेरच्या तरुण नरांना धाकात ठेवतो तो हाच. दक्षिण आफ्रिकेतल्या पिलानेसबर्गमध्ये थोराड नरांशिवाय वाढलेल्या तरुण हत्तींनी १९९२ ते ९७ या काळात चाळीसहून अधिक पांढरे गेंडे मारले. १९९८ मध्ये क्रूगरमधून सहा मोठे नर आणून सोडले, तेव्हा कुठे ते थांबलं. म्हातारा हत्ती 'तसाही मरणारच होता' हे शिकाऱ्यांचं आवडतं वाक्य आहे. तुम्ही ते लिहिलं नाहीत, त्याबद्दल आभार!

दोडामार्गकर:
दोघांच्याही बागेत टस्कर (सुळेवाला हत्ती) आलेला दिसत नाही. आमच्याकडे, सिंधुदुर्गातल्या दोडामार्गात, हत्ती २००२ पासून येतायत. रात्री माड कडाडतो तो आवाज ऐकून घरात गप्प बसायचं. सकाळी बघावं तर कोवळा गाभा तेवढा खाल्लेला, पंधरा वर्षांचं झाड आडवं. मग पंचनामा, मग भरपाईची वाट.

तरी इथे कोणी बंदूक मागत नाही. आमचे हत्ती बोटांवर मोजण्याइतके आणि कायदाही वेगळा. पण तिथल्या माणसाची चीड मला कळते. जर्मनीनं शिकारीच्या ट्रॉफींवर (मारलेल्या जनावराचे सुळे, कातडं वगैरे घरी नेण्यावर) बंधनं घालायचं काढलं तेव्हा मासिसी २०२४ मध्ये म्हणाले होते, वीस हजार हत्ती पाठवतो, सांभाळून दाखवा. मला ते फार आवडलं होतं :)

माळढोक, त्या २३ लाखांतलं शेतकऱ्याच्या हातात किती पडलं, ते सांगा.

माळढोक:
पैसा वरच्या वर मुरतो, हे खरं आहे. शिकारीच्या उत्पन्नातला वाटा गावांना देणाऱ्या झिंबाब्वेच्या कॅम्पफायर योजनेवर १९८९ पासून हाच आक्षेप आहे: वाटा जिल्हा परिषदेकडे अडकतो, घराघरात नगण्य पोचतो. पण अमेरिकेनं २०१४ मध्ये तिथल्या हत्तींच्या ट्रॉफींची आयात थांबवली, तेव्हा होतं तेही आटलं. मांस मात्र गावाला मिळतं, आणि शिकारीच्या भागात गस्त राहते. केनियानं १९७७ मध्ये शिकार बंद केली, हत्ती वाचले का? १९८९ मध्ये तिथले राष्ट्राध्यक्ष मोई यांना जप्त केलेलं बारा टन हस्तिदंत जाळावं लागलं, इतकी चोरटी शिकार बोकाळली होती.

नैरोबीकर:
केनियाचं उदाहरण अर्धंच दिलंत. हत्ती संपवले ते हस्तिदंताच्या बाजारानं. १९८९ मध्येच हस्तिदंतावर आंतरराष्ट्रीय व्यापारबंदी ठरली आणि नंतर इथले हत्ती वाढले, शिकारीवरची बंदी तशीच असताना.

आणि 'तिथल्यांनी ठरवावं' म्हणता, तिथले म्हणजे कोण? इथल्या अंबोसेली राष्ट्रीय उद्यानातले नर सीमा ओलांडून टांझानियात जातात. इकडे पर्यटक त्यांना बघायला पैसे मोजतात, १९७२ पासून त्यांचा अभ्यास चाललाय. २०२३-२४ मध्ये काही महिन्यांत सीमेपलीकडे असे पाच नर परवाना काढून मारले. त्यांचं ठरवणार कोण, सीमेपलीकडच्या एन्डुइमेटचा माणूस की अंबोसेलीचा?

माळढोक:
सीमेवरच्या नरांना हात लावू नये, हे मान्य. बोट्स्वानातल्या ओकावांगोला तो न्याय लावता येत नाही.

रानवाट:
का नाही? हत्ती तिथूनही नामिबिया, अंगोलात जातात.

बरं, सहकाऱ्याला एवढंच विचारा: सुळे घरी आणायची परवानगी मिळाली नाही, तर तो जाईल का? गावाला मांस, गस्तीला पैसा, सगळं तेच राहील.

माळढोक:
आज विचारलं. जाणार नाही म्हणाला. अमेरिकेनं २०२४ मध्ये आयातीचे नियम कडक केलेत, त्याचीच त्याला धास्ती आहे. ॲडव्हान्स परत मिळत नाही, हेही म्हणाला.

दोडामार्गकर:
म्हणजे भरपाईसाठी तोही पंचनामा करणार!