एका दिवसात ऑक्सफर्ड: थोडी भर

लंडनहून एका दिवसात ऑक्सफर्ड होतं का, तर होतं. पॅडिंग्टनहून ट्रेनने तासाभराचा रस्ता. तिथे काय बघायचं विचारलं की सगळे क्राइस्ट चर्च कॉलेजचा हॉल सुचवतात, पण तिथली गर्दी हॅरी पॉटरवाल्यांची! मला ते कॉलेज आवडतं 'ॲलिस इन वंडरलँड' लिहिणाऱ्या लुईस कॅरोलमुळे. हा माणूस तिथे गणित शिकवायचा. 4 जुलै 1862 रोजी कॉलेजच्या प्रमुखाच्या (डीनच्या) मुलींना नावेतून नेताना त्याने ॲलिसची गोष्ट रचून सांगितली. नदीकाठी चालाच. वेळ उरला तर उत्तरेला वूल्व्हरकोटच्या दफनभूमीत 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज'वाल्या टॉल्किनची कबर आहे, नवरा-बायकोच्या नावांखाली त्याच्याच कथांमधल्या प्रेमी जोडप्याची नावं, 'बेरेन' आणि 'लुथिएन', कोरलेली. आणि हो, समरव्हिल कॉलेज बाहेरून तरी बघा. आपल्या नाशिकला जन्मलेली, भारतातली पहिली महिला वकील कॉर्नेलिया सोराबजी 1889 मध्ये तिथेच शिकायला गेली होती.