सरकारवर दावा लावण्याआधी दोन महिन्यांची नोटीस: कलम ८० हवंच कशाला?

खटपट्या:
शेजाऱ्याने बांध कोरला तर उद्या कोर्टात जाता येतं. तोच सरकारी खात्याने कोरला तर दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ८० खाली आधी नोटीस द्या, दोन महिने थांबा, मग दावा. हेतू असा, की चूक असेल तर सरकारने बाहेरच मिटवावं. प्रत्यक्षात बहुतेकदा उत्तर येत नाही, नाहीतर मोघम येतं. सेलम बार असोसिएशनच्या निकालात २००५ साली सर्वोच्च न्यायालयानेही हेच सुनावलंय. विधी आयोगाने तर १९५८ मध्येच हे कलम काढा म्हटलं होतं.

जुना टेबलवाला:
कचेरीत नोकरी काढलीय म्हणून लिहितो. नोटीस जिल्हाधिकाऱ्यांच्या नावे येते, बारनिशीत (आवक टपालाच्या नोंदीत) शिक्का पडतो, मग तहसीलदार, तलाठी, पंचनामा, नकाशा, परत वर, सरकारी वकिलाचा अभिप्राय. बांध कोरणारा अभियंता तोवर बदलून गेलेला. थेट दावा लावलात तर पहिल्या तारखेला सरकारी वकील काय डोंबल सांगणार? शिवाय दावा लावायची तुमची मुदत बुडत नाही, नोटिशीचे दिवस मुदत कायद्याच्या कलम १५(२) ने वगळतात.

खटपट्या:
मुदतीचं तुम्ही बोलू नका! सरकारला दावा लावायला ३० वर्षं, मला बहुतेक बाबतीत ३. जिंकलो तरी कलम ८२ आहेच, हुकूमनाम्यानंतर (कोर्टाच्या अंतिम आदेशानंतर) तीन महिने सरकारविरुद्ध अंमलबजावणी नाही.

काळा कोट:
बुलडोझर दारात असेल तर ८०(२) वापरा, १९७६ च्या दुरुस्तीने आलंय. कोर्टाच्या परवानगीने नोटिशीविना दावा लागतो. मात्र सरकारला म्हणणं मांडायची संधी दिल्याशिवाय तात्पुरता मनाई हुकूमही नाही, आणि तातडी पटली नाही तर वादपत्र (दाव्याचा अर्ज) परत हातात.
लोक खरे फसतात ते महापालिकेत. मुंबईचा कायदा वेगळा. बाकीकडे १९४९ च्या महापालिका अधिनियमाचं कलम ४८७. नोटीस एकच महिन्याची, पण दावा कारण घडल्यापासून सहा महिन्यांच्या आत. तीन वर्षं आहेत म्हणून निवांत बसलेला पक्षकार आला की आम्हीही कपाळाला हात लावतो.

तोळामासा:
नोटिशीवर काय भांडताय? १९४७ साली मेरठ पोलिसांनी एका सराफाचं १०३ तोळे सोनं जप्त करून मालखान्यात ठेवलं. हेड कॉन्स्टेबल ते घेऊन पाकिस्तानात पसार. १९६४ मध्ये सर्वोच्च न्यायालय म्हणालं, जप्ती हे सार्वभौम काम, म्हणजे राज्यसत्ता म्हणून केलेलं, सरकार भरपाई देणं लागत नाही. आणि १९६२ मध्ये राजस्थानच्या सरकारी जीपखाली गेलेल्या माणसाच्या बायकोला मात्र भरपाई मिळालेली!

जुना टेबलवाला:
विषय सोडू नका. सर्वोच्च न्यायालयाच्याच १९९४ च्या नागेंद्र राव निकालाने ते सार्वभौम प्रकरण बरंच पातळ केलंय.

खटपट्या:
बरं, ठेवा नोटीस. पण २००५ च्याच निकालात आहे तसं करा: उत्तरासाठी अधिकारी नेमा, टाळाटाळ केली तर दाव्याचा जबर खर्च सरकारवर बसवा आणि त्या अधिकाऱ्याकडून वसूल करा.

जुना टेबलवाला:
करा वसूल. उत्तरं अगदी वेळेत येतील आणि सगळी ‘मागणी अमान्य’ अशीच येतील. चूक कबूल करून सही कोण करणार? उद्या लेखापरीक्षणवाला त्यालाच विचारणार, कोर्टाचा हुकूम नसताना पैसे दिलेच कसे.